पाच मायक्रॉनचे मामा

मे महिना. बाहेर 42 अंश, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि दवाखान्यासमोरच्या टपरीवर कॉफी रंगाचा हाफ स्वेटर घातलेला एक माणूस उकळता चहा फुंकर न घालता पितोय. बाकड्यावर बसलेला पेशंटचा कुणी नातेवाईक आधी त्याच्या स्वेटरकडे बघतो, मग तोंडाकडे, मग मोसंब्यांच्या पिशवीसकट हळूच दुसऱ्या टोकाला सरकतो. त्याला वाटतं, हिवताप. टपरीवाल्याला मात्र ठाऊक असतं, की हा माणूस आत्ताच उणे वीस अंशांत हात घालून आलाय आणि दहा मिनिटांत पुन्हा तिकडेच जाणार आहे.

हे आमचे मामा.

दवाखान्यात मामांना तोटा नसतो. वॉर्डबॉय मामा, लिफ्टवाले मामा, ऑक्सिजनची नळकांडी ढकलणारे मामा. एवढे मामा कुणाच्या आजोळीही नसतात. पण मराठवाड्यातल्या ज्या मोठ्या रुग्णालयात मी पॅथॉलॉजी शिकले, तिथे नुसतं ‘मामांना बोलवा’ म्हटलं की बाकीचे सगळे जागचे हलत नसत. बोलावणं स्वेटरवाल्यांना आहे हे त्यांना कळे. हुद्दा टेक्निशियन, गाव नरसी नामदेव, आणि जात विचारायची वेळच येत नसे, कारण ओळखीच्या दुसऱ्याच वाक्यात ते सांगून मोकळे होत: ‘नामदेव महाराजांची.’ वडिलांचं नरसीत शिवणाचं दुकान. थोरला भाऊ वडिलांच्या मशीनवर बसला, धाकट्यानं दवाखान्यातलं मशीन धरलं. ‘आमच्या घरात दोघंबी कापतोच,’ मामा म्हणत. ‘भाऊ मीटरवर, म्या मायक्रॉनवर.’

मायक्रॉनचं थोडं सांगायला हवं, कारण मामांचा सगळा ताठा त्यावर उभा होता. मिलिमीटरचे दोनशे भाग केले, तर त्यातला एक म्हणजे पाच मायक्रॉन. मामा एवढ्या जाडीचे काप काढत. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर त्या जाडीत मामांचे चौदा काप बसतात. हा हिशेब त्यांनी स्वतः केलेला होता आणि नव्या विद्यार्थ्याच्या डोक्यावरचा एखादा केस डोळ्यांनीच निवडून ते तो ऐकवत. ‘ह्याचे चौदा पदर.’ पहिल्या वर्षाची मुलं टोपी घालून यायला लागत.

रोजचं आमचं काम निवांत असतं. तुकडा फॉर्मालिनमध्ये रात्रभर मुरतो, मग अल्कोहोल, झायलीन, मेण असं करत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्लाइड तयार होते. फ्रोझन सेक्शनला ही चैन नाही. रोगी टेबलावर भूल घेऊन पडलेला, सर्जन मोजे घातलेले हात वर धरून उभा. गाठ साधी की कॅन्सरची, कडेपर्यंत सगळं निघालं की काही आत राहिलं, हे कळल्याशिवाय त्याला पुढचं पाऊल टाकता येत नाही. एका तुकड्याला वीस मिनिटं, असा जगभरचा संकेत आहे. मामांनी हा सगळा धडा आम्हाला दोन वाक्यांत शिकवला होता. ‘मेणाचं काम म्हंजे दिवाळीला घालायचा कोट दसऱ्याला टाकलेला. फ्रोझन म्हंजे नवरदेव घोड्यावर बसलाय अन् पँट उसवलीय.’

आणि या उसवलेल्या पँटीच्या घाईत मामांना घाई नसायची. ऑपरेशन थिएटरमधून फोन आला, ‘फ्रोझन निघालंय’, की आमची पळापळ सुरू व्हायची. मामा स्वेटरची कड खाली ओढायचे, एकदा उजव्या हाताचा अंगठा डाव्या तळव्यावर घासायचे, आणि मशीनचं झाकण सरकवायचे. मशीनचं नाव क्रायोस्टॅट. मामा त्याला थंडोबा म्हणत. आम्हा सगळ्यांना, अगदी काल आलेल्या पोरांनाही, ते अहो-जाहो करत. थंडोबाला तेवढं अरे-तुरे. ‘काय रे, आज उणे अठराच? जेवला न्हाईस का?’

थंडोबा म्हणजे मुळात एक थंड पेटी, तिच्यात एक पातं आणि बाहेर एक हातचाक. चाक एकदा फिरवलं की तुकडा पात्यावरून एकदा खाली उतरतो आणि एक काप निघतो. ऐकायला दळणासारखं सोपं. ‘चक’ नावाच्या धातूच्या चकतीवर ओसीटी नावाचा पाकासारखा द्राव ओतायचा, त्यात तुकडा बसवायचा, वरून पुन्हा पाक. गोठताना हा पारदर्शक पाक पांढराफेक होतो. इथे प्रत्येक नवशिका फसतो. वरून पांढरं दिसलं की तो चाक फिरवतो, आत तुकडा अजून मऊ असतो, आणि पात्यावर कापाऐवजी चटणी येते.

मामा ब्रशच्या दांडीनं चकवर टक् करून वाजवत, कान जवळ नेत, आणि निकाल देत: ‘कच्चं.’ मग न विचारता गोष्ट सुरू. तेरला संतांचा मेळा जमला होता, मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर थापटून बघितलं, मडकं पक्कं की कच्चं. सगळे गप्प बसले, एकटे नामदेव चिडले. गोरोबा म्हणाले, हे मडकं कच्चं. ‘तेव्हा मॅडम, साक्षात महाराजांना कच्चं म्हटलं होतं. तुम्ही तर यमडीच्या पहिल्या वर्षाला हायसा. घाई कामून करायलाव?’ असं म्हणेपर्यंत तुकडा पक्का झालेला असे. गोष्टीची लांबी त्यांनी गोठण्याच्या वेळेला बेतलेली होती, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. थायरॉइडला गोरोबा पुरायचे. चरबीवाल्या स्तनाच्या तुकड्याला त्याच गोष्टीच्या पुढे विसोबा खेचरही जोडावे लागत.

चरबी हा मामांचा जुना वैरी. बाकी अवयव उणे वीसच्या आसपास शहाण्यासारखे वागतात, मेंदूला तर उणे बारा-पंधरा पुरतं. चरबी उणे तीसच्या खाली नेली तरी पात्यावर लडबडते. यावरून मामांनी माणसांची एक प्रतवारी केली होती. मेंदूसारखे: जरा गार पडलं की कडक होणारे, उणे वीसला ठेवले तर तडकणारे, यात आमचे प्राध्यापक. थायरॉइडसारखे: सांगितलं तेवढं करणारे, सुरकुती न पाडणारे, यात फक्त नरसीची माणसं. आणि चरबीसारखे: कितीही थंडीत ठेवा, काडीचा फरक नाही. या वर्गात कोण कोण होतं ते लिहिण्याइतकी मी अजून म्हातारी झालेली नाही.

कापणं नंतर, बेतणं आधी, हा त्यांचा दुसरा नियम. तुकडा चकवर कसा बसवायचा याचा ते इतका विचार करत, की सर्जनचा दुसरा फोन येई. पात्याला आधी मऊ भाग लागला तर काप फाटतो. कातडी आडवी बसली तर तिचा थर दिसतच नाही. काप फाटायला लागला की आम्ही पातं बदलायला धावायचो. मामा हात अडवायचे, चक सैल करून थोडी फिरवायचे, आणि पुढचा काप अखंड यायचा. ‘औंढ्याला काय झालं?’ ते विचारत. नामदेवांना कीर्तन करताना देवळासमोरून उठवलं, ते मागे जाऊन बसले, तर देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही कथा आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत. ‘मंग? आडलं की फिरवायचं. देऊळ फिरतंय, तुकड्याला काय धाड भरलीय?’

सगळ्यात देखणा क्षण काप उचलण्याचा. पात्यावर पापुद्रा उतरला की तो गुंडाळी करायला बघतो. गार ब्रशच्या एका केसानं त्याची कड दाबून धरायची, आणि बाहेरची साध्या उबेची काच वरून अलगद जवळ न्यायची. टेकवायची नाही, नुसती जवळ न्यायची. पापुद्रा आपण होऊन उडी मारतो आणि काचेला चिकटतो. काच आत ठेवून गार केलीत, तर तो तिच्याकडे ढुंकून बघत नाही. ‘सोयरीक अशीच जमती,’ मामा म्हणत. ‘एकाला तरी ऊब पायजे.’ माझे पहिले दोनेकशे काप ब्रशला चिकटले, पात्यामागे पडले, दोन माझ्या श्वासानंच वितळले. जे काचेवर आले त्यांना चुण्या. मामा काच उजेडाला धरून बघत आणि म्हणत, ‘परकर झकास झालाय. आता सेक्शन काढा.’

मी एकदा त्यांना या विद्येचा इतिहास सांगायला गेले. 1905 साली अमेरिकेत, मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये, विल्यम मेयोंनी लुई विल्सन या आपल्या पॅथॉलॉजिस्टला म्हटलं, की रोगी टेबलावर असतानाच गाठ कसली ते सांगायची काही सोय बघा. विल्सननं जानेवारीच्या कडाक्यात तुकडे खिडकीबाहेर ठेवून गोठवले, अशी हकिगत सांगतात. मेथिलीन ब्लूनं रंगवून तो काही मिनिटांत उत्तर देऊ लागला. मामांनी सगळं ऐकून घेतलं. ‘थंडीत कोनीबी कापील,’ ते म्हणाले. ‘त्याला म्हनावं, मे महिन्यात हिंगोलीला ये, अन् लाइट गेल्यावर काप.’

मग मी मुंबईचा दाखला दिला. टाटा मेमोरियल 1941 साली उघडलं आणि तिथल्या प्रयोगशाळा वसंत रामजी खानोलकरांच्या हाती आल्या, त्या काळात रुग्णालयांत क्रायोस्टॅट नव्हते. नळकांड्यातल्या कार्बन डायऑक्साइडचा फवारा मारून तुकडा गोठवत, आणि पातं दगडावर घासून, चामड्याच्या पट्ट्यावर परजून वापरत. मामांनी स्वेटरची कड खाली ओढली. ‘पातं सोता परजायचे? मंग ती आमच्यातली मानसं.’

लाइटचं ते उगीच म्हणाले नव्हते. भारनियमनाच्या काळात थंडोबाचा पारा चढला, की आतलं सगळं ओलं व्हायचं आणि पुन्हा गार होईपर्यंत तास-तास जायचे. आमच्याकडचं जनरेटर कधी चालू व्हायचं, कधी नुसतं खोकायचं. मामांनी घरून एक वाकळ आणली, भावाच्या दुकानातल्या चिंध्यांची, मामींनी शिवलेली. वीज गेली की ते थंडोबाला वाकळ पांघरत. तपासणीला आलेले एक मोठे साहेब थबकले आणि म्हणाले, ‘यंत्राला थंडी वाजते का?’ मामा म्हणाले, ‘न्हाई साहेब, गरमी हूं नये म्हनून.’ साहेबांनी याचा अर्थ लावायचा प्रयत्न केला, स्वेटरकडे बघितलं, आणि पुढच्या खोलीत गेले.

खंडेनवमीला थंडोबाची पूजा व्हायची. हातचाकाला झेंडूची माळ, झाकणावर हळदकुंकू, पात्याला लांबूनच नमस्कार. एका वर्षी कुंकवाचा कण आत पडला आणि दुसऱ्या दिवशीच्या स्लाइडवर आला. एका हुशार विद्यार्थिनीनं तो बाहेरून आलेला लाल रंगद्रव्याचा कण असल्याचं ओळखलं, पुस्तकात बघून त्याच्या चार शक्यता लिहिल्या आणि आमच्या प्राध्यापकांसमोर वाचल्या. ती विद्यार्थिनी आज हा लेख लिहिते आहे. मामांनी पाचवी शक्यता सांगितली, तेव्हा प्राध्यापकही हसले. चार वर्षांत मी त्यांना एकदाच हसताना बघितलं.

मामांचा संताप बघायचा असेल, तर तुकडा फॉर्मालिनमध्ये यायला हवा. फ्रोझनचा तुकडा ताजा, कोरडा, फार तर सलाइननं ओलावलेल्या गॉजमध्ये गुंडाळून पाठवायचा असतो. सलाइनमध्ये बुडवला तर पाणी मुरून बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशींची चाळण होते. आणि फॉर्मालिन तर फ्रोझनचा सत्यानाश. थिएटरमध्ये कुणी नवखा सवयीनं डब्यात फॉर्मालिन ओते. मामा झाकण उघडत, वास घेत, आणि डबा तसाच परत त्या मुलाच्या हातात ठेवत. ‘लोनचं घातलंय ह्याचं. पोळीसंग खावा.’ मग तो मुलगा तीन जिने चढून सर्जनसमोर उभा राहिला की काय होई, ते आम्हाला वरून ऐकू येई. तो पुन्हा तीच चूक करत नसे. पण दर जूनमध्ये नवा मुलगा येत असे.

घरी मामींचे हाल वेगळे. मामांना एकदा कांदा चिरायला सांगितला, तर पोह्यांची फोडणी जळून गेली आणि मामा दुसऱ्या कांद्यावर होते. त्यांचे काप तेलात पडताच दिसेनासे होत; पाहुण्यांना वाटे, या घरात कांदा खात नाहीत. लग्नाच्या पंगतीत काकडीची जाड चकती पानात आली की मामा ती उजेडाला धरत. एका व्याह्यांनी हे बघितलं आणि त्यांचा गैरसमज झाला, की काकडी किडकी आहे. ते प्रकरण मिटायला दोन महिने लागले. तेव्हापासून मामींनी विळी माळ्यावर ठेवलेली होती.

रिपोर्टवर मामांचं नाव कधी येत नसे, सही आमची. मी एकदा हे बोलून दाखवलं. मामा म्हणाले, ‘महाराज पंढरपुरात कुठंयत? पायरीत. आमीबी पायरी. फकस्त घसरलात तर पायरीला बोलू नका.’ आणि खरोखरच, स्लाइड चांगली असून उत्तर चुकलं तर ते कुणाला बोलत नसत, पण दिवसभर आमच्याशी तिसऱ्या पुरुषात बोलत: ‘मॅडमना चहा पायजे का विचारा.’

एक गोष्ट मात्र मामांनी मला कधी सांगितली नाही, मीच ओळखली. चाक फिरवताना ते गुणगुणत. नामदेवांचंच काहीतरी, शब्द नीट लागत नसत. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत आणि त्यांतल्या एकात गज, कात्री, सुई, दोरा ही शिंप्याची सगळी अवजारं आली आहेत, हे मला मामांनीच सांगितलेलं. नरसीच्या गुरुद्वाऱ्यात शिखांबरोबर बसून ते शिकले होते. तर ते गुणगुणणं कधीकधी मध्येच थांबे. स्तनाची कॅन्सरची गाठ पुष्कळदा पात्याखाली कच्च्या पेरूसारखी करकरते. ती करकर चाकातून मामांच्या तळव्यात येई. ते काही बोलत नसत. नुसते गप्प होत, काप काढत, काच माझ्या हातात देत. रंग चढेपर्यंतची ती काही मिनिटं मी हीमॅटॉक्सिलीनकडे बघत उभी असे, आणि मला उत्तर बहुतेक माहीत असे.

एकदा अशीच एक गाठ आली. रोगी हिंगोलीकडची, तिशीतली. करकर मलाही ऐकू आली. मामा गप्प झाले. काच माझ्या हातात देताना त्यांनी नजर वर केली नाही. मी रंगवलं, मायक्रोस्कोप लावला, सरांना बोलावलं. कॅन्सर नव्हता. कधीतरी मार लागून मेलेली चरबी आणि तिच्यात साचलेला चुना. तोही पात्याखाली तसाच करकरतो. मी फोनवर थिएटरला निकाल सांगितला आणि वळले, तर मामा स्वेटर काढून घडी घालत होते. मी त्यांना बिनस्वेटरचं पहिल्यांदाच बघत होते. ‘चुकलो की,’ ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर पेढ्यांचा पुडा होता. कुणीतरी विचारलं, कशाचे? मामा म्हणाले, ‘चुकल्याचे.’ आणि मला बजावलं, की पेढा खाऊन हात धुतल्याशिवाय थंडोबाला शिवायचं नाही.

मामा अठ्ठावन्नाव्या वर्षी रिवाजाप्रमाणे नारळ आणि शाल घेऊन निवृत्त झाले. शाल बघून म्हणाले, ‘हे बरं केलं.’ त्यांच्या जागी नवं यंत्र आलं. त्याचं चाक मोटारीवर फिरतं, जाडी पडद्यावर दिसते, आणि करकर कुणाच्या तळव्यात येत नाही. सेक्शन छान निघतात. मी खोटं कशाला बोलू, मोटारीला कधी चहाची सुट्टी लागत नाही.

मामा आता नरसीत असतात. आषाढी पंढरपुरात करून परतणारे वारकरी आषाढ वद्य एकादशीला नामदेवांच्या दर्शनाला तिथे येतात, त्याला परतवारी म्हणतात. गाव माणसांनी भरून जातं आणि ठिकठिकाणी उपवासाच्या फराळाचे मांडव लागतात. निवृत्तीनंतरच्या पहिल्या परतवारीला मामा हौसेनं बटाटे चिरायला बसले. दुपारी उशिरापर्यंत वारकऱ्यांना नुसत्या भगरीवर भागवावं लागलं, आणि भाजी आली तेव्हा तिच्यात बटाटा सापडेना. त्या वर्षापासून त्यांच्याकडे पाणी वाटायचं काम दिलेलं आहे.

तुम्ही कधी परतवारीला नरसीला गेलात, आणि भर गर्दीत, अंगाला घाम येत असताना, कॉफी रंगाचा स्वेटर घातलेला एखादा म्हातारा पाण्याचा पेला पुढे करताना दिसला, तर तो हिवतापाचा रोगी नाही. पाणी बेलाशक घ्या. आणि त्यांना माझा नमस्कार सांगून म्हणावं, मॅडमच्या फ्रोझनला अजून चुण्या पडतात.